आठ दिवसांच्या बोलीवर घेतलेला टॅब

केजच्या बसस्टँडसमोर माझं मोबाइलचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंडाळायचं हा आमच्या घराण्याचा जुना धंदा. आजोबा कापड विकताना गुंडाळायचे, मी मोबाइल विकताना गुंडाळतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या जिभेचा हात मोठा आहे.

बंकटतात्या धनगर. वय पासष्टच्या पुढं. लाल पटका, खांद्यावर घोंगडी आणि अंगात अशी बंडी की तिच्या आतल्या खिशात दोन दिवसांचं कोकरू मान बाहेर काढून आरामात बसतं. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांची मेंढरं आमच्या रानात बसतात. रानाला लेंड्यांचं खत मिळतं, त्यांना आम्ही ज्वारी देतो. वडिलांच्या वेळेपासूनचा हा संबंध. त्यामुळं तात्या दुकानात आले की मी गल्ल्यावरून उठतो. बाकी कुणासाठी उठत नाही.

ह्या माणसाचा जन्मच वाटेवर झालेला. आई मेंढरांमागं चालता चालता एका लिंबाखाली थांबली आणि तासाभरानं पोर पोटाशी बांधून पुढं निघाली, असं ते अभिमानानं सांगतात. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण अडीचशे मेंढरांतली कुठलीही मेंढी तोंडावरून ओळखतात. तिची आई कोण, आजी कोण, ती कुठल्या साली कुठल्या ओढ्यात पडली होती, सगळं पाठ. चैत्र लागला की केजहून निघून परळीच्या अंगाला, गवताच्या आणि पाण्याच्या मागं जायचं. चाळीस वर्षं कळपाच्या पुढं तेच चालत आले. वाट डोक्यात होती.

पण डोक्यातली वाट जमिनीवर राहिली नाही. रस्ता चौपदरी झाला, कुणी काटेरी तारा मारल्या, कुणी माळावर सौर पट्ट्या उभ्या केल्या. मागच्या साली कळप दोन दिवस नुसता तारांना धडकत फिरला आणि सात कोकरं गेली. म्हणून यंदा पाडवा झाल्यावर तात्या माझ्याकडं आले. सोबत सून होती, योगिता. बारावी शिकलेली, कमी बोलणारी.

"आप्पा," तात्या म्हणाले, "नाथाच्या मोबाइलात नकाशा हाय म्हनं. पर माझं बोट ठिवलं की तीन गावं झाकत्यात. जरा मोठं दावा. पर बंडीत मावंल असं."

नाथा म्हणजे त्यांचा मुलगा. मी सात इंची टॅब काढला. तात्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, कडा चाचपल्या, बोटानं मागं टकटक केलं आणि विचारलं, "वय किती?"

"नवा आहे, तात्या. पेटीतून तुमच्यासमोर काढला."

"नव्याच्याच खोडी ठावं नसत्यात."

मी हसत हसत आकाशातून काढलेल्या फोटोंचा नकाशा उघडला. आधी केज आलं. बसस्टँड, तहसील, माझ्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर. मग योगितानं दोन बोटांनी सरकवत सरकवत आमच्या रानापर्यंत नेलं, तिथून पुढं माळावर. तात्या वाकले. मग त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि दुकानाच्या पायरीखाली ठेवून आले. माझ्या दुकानात आजवर कुणी वहाणा काढल्या नव्हत्या, मी स्वतःसुद्धा नाही.

"ही बगा," ते म्हणाले. त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं. "ही आमची वाट हाय."

मी बघितलं. शेतांच्या कडेनं, टेकाडांना वळसा घालत, एक फिकट रेघ गेलेली होती. मी रोज तो नकाशा बघतो, पण ती रेघ मला कधी दिसली नव्हती. गाडीरस्ता नव्हे, पांदण नव्हे. खुरांनी, पिढ्यान्पिढ्या त्याच जागेवरून जाऊन जाऊन, माळाच्या अंगावर पाडलेली वाट. ती आकाशातून दिसत होती. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

"माझा बाप हितनं चालला, त्येचा बाप बी," तात्या म्हणाले. "आन् हे वरून कुनी तरी बगून ठिवलंय. देवानंच जनू."

मग त्यांनी भानावर येऊन सौदा मांडला. बैलासारखा. आठ दिवसांची बोली; राबवून बघतो, खोड निघाली तर परत. बाजारात करतात तसं उपरण्याखाली माझा हात धरला आणि बोटं दाबून भावही ठरवला. मोबाइलच्या धंद्यात मला ही रीत परवडणारी नाही. पण बाप जिवंत असता तर त्यानं नाही म्हटलं नसतं, म्हणून मीही म्हटलं नाही.

निघताना त्यांनी योगिताला धर्मापुरीच्या अलीकडचा भाग दाखवायला सांगितलं. जुनी वाट तिथं सौर पट्ट्यांनी अडवली होती, वळसा घालावा लागणार होता, आणि वळशाच्या टोकाला निळंशार पाणी दिसत होतं. पाझर तलाव.

"हे आत्ताचं हाय का, आप्पा?"

समोर दुसरं गिऱ्हाइक उभं होतं. मी तिकडं बघत बोललो, "आत्ताचंच की. वरून दिसतंय ना तुम्हाला!"

पहिले चार दिवस तात्यांचा रोज फोन यायचा आणि रोज नवा निकाल असायचा. पहिल्या दिवशी टॅब म्हणजे लाखातलं जनावर: तारेतली फट बसल्या जागी सापडली, अडीचशे मेंढरं सुईतून दोरा काढावा तशी पार झाली. दुसऱ्या दिवशी खोड निघाली. उन्हात काहीच दिसत नाही. "दुपारी आंधळं हुतंय बगा हे. घोंगडी डोस्क्यावर घिऊन बगावं लागतंय." तिसऱ्या दिवशी त्यांनी अंबाजोगाईच्या जनावरांच्या डॉक्टरला लंगडी मेंढी टॅबवरून दाखवली आणि डॉक्टरनं तिथून खुराचं औषध सांगितलं. तात्यांना हे काही केल्या पटेना. "आप्पा, डाक्टर तिकडं, मेंढी हिकडं, आन् त्येनं खूर उचलाया सांगितला की म्या उचलला!" ते पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. चौथ्या दिवशी नाथा टॅबवर कुस्त्या बघत बसला आणि मेंढरं कुणाच्या तरी कडवळात शिरली. शेतकऱ्यानं आईमाईवरून काढलं. टॅब तिथंच परत जायचा, पण योगितानं खोड टॅबची नसून नाथाची आहे असं स्वच्छ सांगितलं. शिवाय दरीत उतरलं की रेंज जायची आणि टॅब मुका व्हायचा. बॅटरी मात्र घोड्याच्या पाठीवर बांधलेल्या सौर पाटीवर भरत होती. माळ अडवणाऱ्या पट्ट्यांना तात्या शिव्या घालत आणि आपल्या पाटीला सांभाळून धडप्यात गुंडाळत.

असं गुण एकीकडं, खोडी एकीकडं, आणि तात्यांचा काटा मधेच हलत राहिलेला.

सहाव्या दिवशी सकाळी दहाला योगिताचा फोन आला.

"आप्पा, तळ्यात पानी न्हाई."

"कुठल्या तळ्यात?"

"तुमी आत्ताचंच म्हनला हुता, त्या. भेगा पडल्यात. काल दुपारपास्नं मेंढरांनी पानी बगितलं न्हाई. मागची हीर दोन कोसांवर हाय, तितवर कोकरं न्हाई टिकायची."

एवढंच सांगून तिनं फोन ठेवला. मी गल्ल्यावर बसून राहिलो आणि मला माझीच लाज वाटली. फोटो कधीचा आहे ते मी बघितलंसुद्धा नव्हतं. शेजारच्या दुकानातून पाण्याचे दोन जार उचलले, मोटारसायकलला दोन्ही बाजूंना बांधले आणि निघालो. अडीचशे मेंढरांना दोन जार! पण त्या वेळी डोकं चालत नव्हतं, गाडी तेवढी चालत होती.

पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तलाव म्हणजे तडकलेली थाळी. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती, एकही ओरडत नव्हतं. मेंढरू ओरडायचं थांबलं की भ्यावं, असं तात्या नेहमी म्हणायचे. नाथा जार बघून काहीतरी बोलणार होता, पण तात्यांनीच हाक मारली, "आना हिकडं. कोकरांना हुईल." योगितानं परातीत पाणी ओतलं. मी तात्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी मला तिथंच बसवलं. बाभळीखाली ते डोक्यावर घोंगडी घेऊन, तिच्या अंधारात टॅब धरून बसले होते.

"शिव्या मागनं दिईन," ते म्हणाले. "आधी सांगा, हे कवाचं हाय?"

"माहीत नाही, तात्या. तीनचार वर्षांपूर्वीचं असेल. मी खोटं बोललो."

"तुमी बोलला. ह्ये न्हाई बोललं. ह्ये जुनं हाय, इतकंच." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यात तूर उबी हाय. म्हंजी दिवाळीच्या म्होरं-मागं. तवा तळं भरनारच की! माझीच अक्कल गेलती गवताला. चाळीस वर्सं जे डोळ्याला दिसलं ते आजचंच हुतं, आप्पा. कालचं कवा दिसलंच न्हाई. मंग ह्यात कालचं आसंल, हे सुचावं कसं?"

मला एकदम आठवलं. त्याच नकाशात मागच्या सालांचे फोटोही बघता येतात. मी घोंगडीत डोकं घातलं, मागोमाग योगितानंही घातलं, आणि मी ते उघडून दिलं. एक बोट सरकवलं की साल बदलत होतं. तळं भरत होतं, आटत होतं. रानं हिरवी होत होती, पिवळी पडत होती. एका साली पट्ट्या नव्हत्या, दुसऱ्या साली होत्या. "अरारा," एवढंच ते म्हणत राहिले. "मागची सालं बी ठिवल्यात व्हय रं!" मेंढरं तहानेनं मरायला टेकलेली आणि आम्ही तिघं एका घोंगडीत लहान मुलांसारखे दंग. पण तात्या नुसते दंग नव्हते.

"योगे, ज्या सालात झाडाला पान न्हाई, ते काड."

तिनं काढलं. ऐन उन्हाळ्याचा फोटो. तळं कोरडं, सगळं रान भाजलेल्या भाकरीच्या रंगाचं.

"दुसरं काड. आसलंच."

असे तीन उन्हाळे निघाले. उन्हानं तात्यांचे डोळे दमले होते, बारीक दिसत नव्हतं, म्हणून योगिता मोठं करून करून दाखवत होती. आणि तिलाच आधी दिसलं. तलावाच्या बांधाखाली, टेकाडापलीकडं, ओढ्याच्या वळणावर पाचसहा झाडांचा एक पुंजका. तिन्ही उन्हाळ्यांत हिरवा.

"मामा, ह्ये बगा. हे कावून वाळत न्हाई?"

तात्यांनी घोंगडी फेकून दिली. "पाझर तळं हाय न्हवं! पाझरून जातंय कुटं? त्या झाडांच्या मुळाशी जातंय. उटा!"

टेकाड आडवं होतं. तारेला वळसा होता. योगितानं टॅबमध्ये बघून फट सांगितली, आणि अर्ध्या तासात आम्ही त्या वळणावर होतो. करंजाची झाडं, खाली कोरडी वाळू. पाण्याचा टिपूस नाही. तात्या वाळूवर पालथे झाले, गाल टेकला, दोन जागा बदलल्या आणि म्हणाले, "हितं."

नाथानं खोरं मारलं. मी हातांनी वाळू उपसली. नखं गेली, त्याचं काही वाटलं नाही. गुडघाभर गेल्यावर वाळूचा रंग बदलला. कमरेएवढं गेलो आणि त्या खणलेल्या झिऱ्याच्या तळाशी पाणी हळूहळू वर यायला लागलं, आधी गढूळ, मग असं नितळ की त्यात करंजाची पानं दिसावीत. मी शंकराचं देऊळ कधी चुकवत नाही, पण हात आपोआप जोडले जावेत असं मला तिथं झालं. असे चार झिरे केले, आणि मेंढरं टोळीटोळीनं सोडली. एकही मेलं नाही.

उन्हं उतरल्यावर मी म्हणालो, "तात्या, टॅब द्या परत. मला तुमच्याकडून काही घ्यायचं तोंड राहिलं नाही."

"कावून?" ते खवळलेच. "दुपारी आंधळं, दरीत मुकं, सांजंला मरगळतंय, पोराला नादाला लावतंय. आन् सगळ्यात मोठी खोड, कवाचं हाय ते आपनहून सांगत न्हाई. ते इचारता येनारं मानूस लागतंय. पर खोडीबिगर जनावर कुनी बाजारात आनलंय का बे? ज्यानं मला माझ्या बापाची वाट दावली, ते म्या माघारी धाडू?"

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला 'बे' म्हटलं होतं. तीच माझी शिवी. मला ती पोटभर मिळाली.

मग तळ हलवायची वेळ झाली. रात्रीच्या मुक्कामाचं रान अजून कोसभर पुढं होतं. तात्या सवयीनं कळपाच्या पुढं जाऊन उभे राहिले. पटका नीट केला, काठी उचलली. आणि तसेच थांबले. मग योगिताकडं गेले, टॅब तिच्या हातात दिला, वर आपली काठीही दिली.

"तू हो म्होरं," ते म्हणाले.

"मी? मामा, बायका घोड्याबरोबर जात्यात. कळपाम्होरं..."

"आज कुनाला दिसलं हिरवं? तू हो म्होरं."

तिनं काठी घट्ट धरली. मग पदर खोचला आणि चालू लागली. मेंढरं थबकली. रोजची पाठ पुढं नव्हती. तात्यांनी जिभेनं एक आवाज काढला, म्हातारी मेंढी हलली आणि तिच्यामागं सगळा कळप योगिताच्या मागं निघाला.

तात्या माझ्याबरोबर शेवटाला राहिले. पुढं धूळ उठली होती, उन्हात लाल झालेली, आणि तिच्यात अडीचशे पाठी हलत होत्या. ते चालायचे थांबले. मला वाटलं, वाईट वाटतंय. वाटतही असेल, मी विचारलं नाही. डोळे मात्र भरले होते.

"आप्पा," ते म्हणाले, "चाळीस वर्सं ह्येंच्या म्होरं चाललो. वाटच बगत हुतो. माझी मेंढरं चालताना कशी दिसत्यात, ते आज बगतोय."