तिला ‘हात दे’ म्हणू नका

डिसेंबरात तुम्ही याल तेव्हा कुणी कुठल्या खोलीत झोपायचं, कुठला गिझर चालतो, हे सगळं मी तुमच्या आईला कळवलं आहे. एक गोष्ट मात्र थेट तुम्हालाच सांगायची आहे. ती फोनवर सांगता येत नाही, कारण आपण बोलतो तेव्हा तुमची मामी त्याच खोलीत असते.

तुमच्या मामेबहिणीला कधीही ‘हात दे’ म्हणू नका. रस्ता ओलांडताना नाही, जिना उतरताना नाही, गमतीतही नाही. धरायचीच वेळ आली तर मागून दंडाला हलकेच धरा. असं का, ते आता सांगते. तुम्ही दोघं आता मोठे आहात आणि अर्धवट कळण्यापेक्षा पूर्ण कळलेलं बरं, असं तुमच्या आजीचं मत आहे.

ती सहा वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट. तिला ऑटिझम आहे हे त्याआधीच कळलं होतं. ती बोलत नाही, हे तुम्ही पाहिलंच आहे. तेव्हाही बोलत नव्हती. दुपारभर खिडकीच्या ग्रिलला कपड्यांचे चिमटे लावत बसायची, आधी सगळे निळे, मग सगळे हिरवे. मला घरात वस्तू जागच्या जागी लागतात, म्हणून तुमचे मामा मला नेहमी चिडवत. त्यामुळे तिचं नि माझं चांगलं जमायचं. मी वाळलेले कपडे काढले की चिमटे तिच्याच क्रमाने डब्यात टाकायची.

अंगाला हात लावलेला तिला सहन होत नसे. मुलुंडच्या आपल्या रस्त्यावर रिक्षा कुठूनही येतात, आणि ही हात सुटताच पळायची. म्हणून थेरपीच्या बाईंनी मामीला सांगितलं, की बाकी सगळं राहू दे, आधी एवढंच शिकवा. हात दे. मामी नोकरीवरून आली की चप्पलही न काढता लिफ्टपाशी तिला घेऊन बसायची. ‘हात दे’ म्हणायचं, थांबायचं, आणि बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी चिक्कीचा तुकडा द्यायचा. सुरुवातीला मामीच्या हातावर ओरखडे असायचे. ऑफिसात विचारलं की ती मांजर पाळल्याचं सांगायची.

एका संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि मामीने बाहेरून हाक मारली, “आई, लवकर या. तशाच या.” मी पिठाच्या हातांनी गेले. मामी म्हणाली, “हात दे.” आणि पोरीने हात पुढे केला, तळवा वर करून, आपण देवळात तीर्थ घेतो तसा. हे तिला कुणी दाखवलेलं नव्हतं. त्यानंतर कुणीही ते दोन शब्द म्हटले की ती तसाच हात पुढे करायची. वॉचमनला, शेजारच्या आजोबांना, मला. तिने मानलेली एवढी एकच गोष्ट होती.

मामी अशा मुलांच्या आयांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर होती. तिथे बोरिवलीच्या एका बाईंनी लिहिलं की त्यांचा मुलगा ‘आई’ म्हणाला. अंधेरीच्या एका दवाखान्यात म्हणे शरीरातले जड धातू, शिसं, पारा, सलाइनमधून औषध देऊन बाहेर काढतात. त्या उपचाराला कीलेशन म्हणतात. मामीने तो मेसेज आम्हाला दाखवला नाही. दोन दिवस स्वतःशीच वाचत राहिली. तिसऱ्या दिवशी डबा भरताना म्हणाली, “आई, मला ‘आई’ ऐकायचंय असं नाही. तिला पाणी हवंय की पोटात दुखतंय, एवढं जरी सांगता आलं ना.”

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोरीला एक औषध दिलं आणि मग लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट रंगीत होता. शिशाची रेघ हिरव्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून पार लाल रंगात गेलेली.

धातू सापडला म्हटल्यावर तो आला कुठून, हा प्रश्न आला. त्या आठवड्यात आपल्या घरात जे झालं ते मी कुणाच्याही घरात होऊ नये म्हणते. मामीने मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही.

“आई, काजळ कशावर धरलं होतं?”

“तांब्याच्या ताटलीवर. तुझ्या नवऱ्यालाही त्याच ताटलीवरचं घातलंय.”

“आणि गुटीत काय काय उगाळलं?”

मी सांगितलं. वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड, आणि बारशाला मधात सोन्याची अंगठी. ती ऐकत होती आणि फोनवर एकेक शब्द टाकून बघत होती. दुसऱ्या दिवशी घरातली तांब्यापितळेची सगळी भांडी गोणपाटात बांधून माळ्यावर गेली. माझ्या लग्नातला पितळी डबाही गेला. गोणपाटाची गाठ मीच मारली.

मामा मात्र बोलले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मामी शेवटचे महिने आणि नंतरचे तीन महिने वाकोल्याला आईकडे होती. त्या घराखाली बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं.

“माझ्या आईच्या ताटल्या कसल्या बघतेस?” मामा म्हणाले. “तुझ्या आईच्या खिडकीखाली दिवसभर बॅटऱ्या फोडत होते. शिसं तिथलं आहे.”

“मग न्यायचं होतंस ना मला तिथून. तू तर रविवारी यायचास, बिर्याणी खाऊन जायचास.”

“तुझ्या आईनेच सांगितलं, सव्वा महिना हलवायचं नाही.”

“माझ्या आईचं नाव काढू नकोस.”

हे सगळं पोरीच्या समोर चाललं होतं. ती चिमटे लावत होती.

मी दोघांना आपल्या जुन्या बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. मामांना लहानपणी डांग्या खोकला झाला तेव्हा त्यांनीच पाहिलं होतं, म्हणून ते मामांना अजून ‘अरे’ म्हणतात. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

“औषध देऊन मग लघवी घेतली का?”

“हो.”

“मग येणारच की वर. थोडं शिसं सगळ्यांच्या अंगात असतं. ते ओढून काढणारं औषध दिलं की ते लघवीत उतरतं. उद्या तुला दिलं तर तुझीही रेघ लाल येईल. या आजींना दिलं तर यांची बहुतेक कागदाबाहेर जाईल.” मग त्यांनी पोरीचं साधं रक्त तपासायला पाठवलं. त्यात शिसं चारचौघांइतकंच निघालं.

रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “हे बघ रे, ते औषध शिसं बांधतं तसंच कॅल्शियमही बांधतं. रक्तातलं कॅल्शियम खाली गेलं की हातपाय आखडतात, हृदय बंद पडू शकतं. या प्रकारात मुलं गेलेली आहेत. आणि ऑटिझम शिशाने झालेला नाही, तर शिसं काढून तो जाईल कसा?”

मामीने विचारलं, “मग तुम्ही काय देता, डॉक्टर?”

“औषध नाही देत. तू शिकवते आहेस ना, ते चालू ठेव.”

“म्हणजे काहीच नाही.”

ते गप्प राहिले. त्यांनी खोटं बोलायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण अंधेरीचे डॉक्टर कशालाच गप्प राहत नसत. साध्या रक्तात शिसं जास्त नाही, हे मामांनी त्यांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, रक्तात नाही म्हणजेच मेंदूत साठलंय.

मामांना ते पटलं नव्हतं. त्यांनी मला तसं स्वयंपाकघरात येऊन सांगितलंही. पण वाकोल्याच्या त्या बोलण्यानंतर मामी त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हती. कपडे धुऊन देई, ताट वाढे, बोलत नसे. एका सकाळी मामा चहा पिता पिता म्हणाले, “ठीक आहे. एकदा करून बघू. तुला समाधान.” मामीने तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “साखर पुरे ना?” मी तिथेच होते. भांडण मिटलं म्हणून मला आधी बरंच वाटलं. मुलीच्या अंगात काय जाणार हे आपल्या घरात असं ठरलं.

मामी मला म्हणाली, “आई, तुम्ही याल ना? तुमच्याजवळ ती शांत असते.” मी गेले.

दवाखाना अंधेरी पश्चिमेला, एका मिठाईच्या दुकानावर होता. आत तीन आरामखुर्च्या होत्या. एका खुर्चीत दहाएक वर्षांचा मुलगा सलाइन लावून बसला होता, तोंड किंचित उघडं. त्याचे वडील मोबाइलवर क्रिकेट बघत होते. ते आम्हाला म्हणाले, “पहिल्यांदाच ना? आधी हाही फार करायचा. आता बघा, हूं की चूं नाही.”

आम्ही मारामारीच्या तयारीने गेलो होतो. मामांनी पाय धरायचे, मी खांदे, मामीने तोंडाजवळ बसून गाणं म्हणायचं. नर्स तरुण होती, गोड बोलणारी. तिने ट्रे खाली ठेवला, पोरीसमोर उकिडवी बसली आणि लहान मुलाशी कुणीही बोलेल तसं म्हणाली, “हात दे, बाळा.”

पोरीने हात दिला. तळवा वर करून.

“किती शहाणी आहे हो,” नर्स म्हणाली.

मी मामीकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आत, पट्टा आवळून, कापूस फिरवून सुई गेलीही होती. पोर आधी ओरडली नाही. आपल्या हाताकडे बघत राहिली. पुठ्ठ्याच्या फळीला तो चिकटपट्टीने बांधला, तेव्हा ओरडायला लागली. मामी “थांबवा, नको, थांबवा” म्हणाली, पण अगदी हळू, आणि आतून आलेले डॉक्टर तिला म्हणाले, “पहिल्या वेळी सगळ्याच आया असं म्हणतात.” मामा भिंतीकडे तोंड करून उभे होते. बाटली संपेपर्यंत आम्ही तिथे होतो.

परतताना जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर मेट्रोच्या खांबांखाली गाडी अडकली. पोर माझ्या मांडीवर होती. तिने मुठी वळल्या. मामी म्हणाली, “रागावली आहे.” मी मूठ सोडवायला गेले तर ती सुटेना. अंगठा आत, मनगट वाकलेलं, बोटं लाकडासारखी. मग ओठांचा एक कोपरा उडायला लागला. आपल्या जुन्या डॉक्टरांनी सांगितलेलं मला आठवलं आणि मी मामांना फक्त एवढंच म्हटलं, “घरी नको. जे पहिलं हॉस्पिटल दिसेल तिथे घे.”

पवईच्या अलीकडे एक हॉस्पिटल लागलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “काय दिलंत हिला?” मामीने सांगितलं, औषधाच्या नावासकट, अगदी स्पष्ट. मग शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं आणि छातीला तारा लावून ठेवल्या. त्यासाठी दुसऱ्या हाताची शीर लागणार होती. तो हात पोरीने पाठीमागे घ्यायचा प्रयत्न केला. तो सरळही होत नव्हता, तरी केला. दोघीतिघींनी मिळून तो पुढे ओढला.

ती वाचली. तिथल्या डॉक्टरांनी मामांना बाहेर नेऊन सांगितलं की अजून थोडा उशीर चालला नसता. अंधेरीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की विष बाहेर पडताना शरीर असं करतं, पुढची तारीख घ्या. मामांनी फोन ठेवला. त्या दवाखान्याची पाटी अजून तिथेच आहे, असं जुहूला एका लग्नाला जाताना दिसलं.

घरी आल्यावर मामीने आठवडाभर लिफ्टपाशी बसणं टाळलं. मग एका संध्याकाळी चिक्की घेऊन लिफ्टपाशी बसली. “हात दे,” म्हणाली. पोरीने दोन्ही हात काखेत दाबले आणि जमिनीवर बसली. मामी रोज बसत राहिली. शब्द बदलले, जागा बदलली, चिक्कीऐवजी चॉकलेट आणलं. थेरपीच्या बाईंनीही पाहिलं. तो हात परत आला नाही. आज ती नऊ वर्षांची आहे आणि रस्त्यावर आम्ही तिला मागून दोन्ही दंडांना धरून चालवतो. लोक बघतात. मागच्या महिन्यात नवीन वॉचमन गेटपाशी प्रेमाने तेच म्हणाला, आणि ती येणाऱ्या गाड्यांसमोर खाली बसली.

भांडी अजून माळ्यावर आहेत. कुणी काढा म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. मामीची आई त्या भांडणापासून आमच्याकडे येत नाही. बॅटरीचं दुकान त्याआधीच बंद झालं होतं.

तेव्हा, तुम्ही आलात की ती दाराशी येईल, हात काखेत घालून. हस्तांदोलनाला हात पुढे करू नका. खाली बसा आणि चिमट्यांचा डबा मध्ये ठेवा. आधी निळे. तुम्ही चुकून हिरवा लावलात तर ती तो काढेल, आणि त्यासाठी तिला एक हात बाहेर काढावा लागतो.

आणि ते दोन शब्द मामीसमोरही नकोत. पोर शाळेत गेलेली असेल आणि तुम्ही आपसांतच बोलत असाल, तरीही नकोत.