वाकड्या रेघेसाठी नागपूर

सासऱ्यांना घेऊन सरकारी कचेरीची वारी कुणी करू नये, असं माझं आजचं मत आहे. सत्तरच्या दशकातल्या त्या वैशाखात माझं मत कोणी विचारलं नव्हतं. नवरा चंद्रपूरकडे खाणीत नोकरीला, घरात मॅट्रिक झालेली मी एकटी, आणि मामाजींना नागपूरला कागद वाचायला कोणीतरी हवं होतं. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमचं गाव काटोलपासून बैलगाडीनं तासाभरावर. लग्नाला दुसरं वर्ष लागलेलं, त्यामुळे डोक्यावरचा पदर अजून पक्का होता आणि तोंड बंद.

जायचं कारण ऐका. उताराच्या शेतांची माती पावसात वाहून जाते, म्हणून सरकार स्वतःच्या खर्चानं शेतात बांध घालून देणार होतं. आमच्या वावराच्या वरच्या अंगाला माती जाऊन खालचा मुरूम उघडा पडला होता, त्यामुळे आम्हाला ते हवंच होतं. कचेरीचा माणूस आला, त्यानं मोजमाप केलं आणि शेतभर चुन्याची रेघ मारून गेला. रेघ कशी, तर म्हैस पाण्यावर निघाल्यासारखी, इथं वळलेली, तिथं पोट सुटलेली.

इथं मामाजींबद्दल सांगायला हवं. पेरताना तिफणीनं जमिनीत ओढलेली रेघ, म्हणजे तास, सरळ यावी ती मामाजींचीच, अशी पंचक्रोशीत ख्याती. पेरणीचं पहिलं तास आपल्या शेतात त्यांनी काढावं म्हणून लोक बोलवायला यायचे, नारळ द्यायचे, शेला द्यायचे. त्यांना ती रेघ बघवेना. "पोरगा नवखा दिसते. सायबानं पाह्यलं त नोकरी जाईल त्याची," म्हणाले. आणि पहाटे उठून त्यांनी सगळा चुना झाडून काढला, या कडेच्या धुऱ्यापासून त्या कडेच्या धुऱ्यापर्यंत दोरी ताणली आणि चुलीतल्या राखेनं रेघ सरळ करून दिली. कोणावर तरी उपकार केल्याच्या आनंदात त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला, राख बघितली, वहीत 'शेतकऱ्याचा विरोध' असं लिहिलं आणि पुढच्या शेतात गेला. आमचं नाव यादीतून कटलं. आठ दिवसांत गावातलं काम संपणार होतं, आणि नाव परत घालायचं तर नागपूरच्या कचेरीत जाणं भाग होतं.

काटोलहून सकाळची पहिली एसटी धरा, हे त्या काळी सांगायचे आणि आजही उन्हाळ्यात मी तेच सांगेन. उशिरा निघालात तर नागपूरचं ऊन तुम्हाला सोलून काढतं. मामाजींनी खिशात एक कांदा ठेवला आणि दुसरा माझ्या पिशवीत टाकला. कांदा जवळ असला की लू, म्हणजे उन्हाची झळ, लागत नाही. मला वाटेत घाम, धूळ आणि शेजारच्या बाईच्या कोंबड्या एवढं सगळं लागलं, लू तेवढी लागली नाही. सगळी वाट मामाजी खिडकीतून लोकांची वावरं बघत होते आणि कोणाचं तास कुठं हललंय ते मला सांगत होते.

नागपुरात बर्डीच्या बाजारात उतरून तर्री-पोहे, म्हणजे वरून झणझणीत रस्सा घातलेले पोहे, खाल्ले. नागपुरात कामाला आलात तर आधी हे करा, कारण नंतर खायला वेळ मिळेलच असं नाही. तर्री एवढी तिखट होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मामाजींना वाटलं मी कचेरीच्या भीतीनं रडतेय. तसंही मी घाबरलेलीच होते.

तिथून सायकलरिक्षानं सिव्हिल लाइन्स. मोठी झाडं, लांबलचक व्हरांडे आणि प्रत्येक दारावर पाटी. पहिल्या कचेरीत सांगितलं, हे बियाणांचं खातं. दुसऱ्या कचेरीतला चपराशी म्हणाला, "सायेब दौऱ्यावर गेले ना जी, उद्या या." मग माझ्या हातात एक छापील कागद देऊन म्हणाला, "तवर हे भरून आना."

झाडाखाली बसून मी तो मोठ्यानं वाचला. 'समपातळी रेषेस अनुसरून बांधबंदिस्ती करण्यास अर्जदाराची हरकत नसल्याबाबत.'

"म्हंजे काय वं?" मामाजींनी विचारलं.

मला काडीचंही कळलं नव्हतं. मॅट्रिकची अब्रू राखायची म्हणून मी म्हणाले, "म्हणजे रेघ सरळ पाहिजे."

"मंग? मी काय सांगून राह्यलो होतो?" मामाजी खूश झाले. मी मात्र कागद उलटसुलट करत बसले. सरळच हवी होती, तर नाव कटलं कशाला? आणि वाकडी हवी असेल, तर वाकड्या कामाला सरकार पैसे कशाला देईल? माझा पार गोंधळ उडाला होता आणि विचारायचं कोणाला, तेही कळत नव्हतं.

मुक्काम माझ्या माहेरी, कामठीला. बर्डीवरून कामठीची बस सहज मिळते, बसायला जागा मिळत नाही. माझे बाबा मागावर काम करायचे. घराच्या दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट, त्यामुळे आमच्याकडे सगळेच जरा ओरडून बोलतात. व्याही पहिल्यांदाच मुक्कामाला आले म्हणून आईनं पाटाभोवती रांगोळी काढली, पुरणपोळी केली. मामाजी मान खाली घालून जेवत होते. बाबांनी आग्रहानं, आणि मोठ्यानं, विचारलं, "काय काम काढलं जी नागपुरात?" मामाजींनी घास गिळला आणि म्हणाले, "सरकारची एक चूक हाय. दुरुस्त करून द्यायची हाय."

दुसऱ्या दिवशी साहेब भेटले. बारीक चणीचे, चष्मा लावलेले, आवाज मऊ. अर्ज बाजूला ठेवून त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. राखेचं ऐकल्यावर हसतील असं मला वाटलं होतं, पण ते हसले नाहीत.

"काका, जरा मागच्या अंगणात चला," एवढंच म्हणाले.

अंगणात त्यांनी एक लांब रबरी नळी आणवली. दोन्ही टोकांना काचेच्या नळ्या, त्या काठ्यांना बांधलेल्या, आत पाणी. एक काठी मामाजींच्या हातात दिली, दुसरी माझ्या. काठीवरच्या खुणेला दोन्हीकडचं पाणी सारखं लागलं की त्या दोन जागा एका पातळीत, असं समजावलं. मग आम्हाला चालवलं. पाणी जिथं जुळेल तिथं चपराशी खडा ठेवायचा. दहा-बारा खडे झाल्यावर साहेब म्हणाले, "आता बघा."

खड्यांची ओळ वाकडी होती, अगदी आमच्या शेतातल्या चुन्यासारखी.

"या ओळीवर बांध घातला, की पाणी अडून जागीच मुरतं," साहेब म्हणाले. "तुमच्या सरळ रेघेवर घातला, तर तेच पाणी सखल टोकाकडे धावतं, बांध फोडतं आणि माती घेऊन नाल्यात जातं. तासांचंही तसंच आहे, काका. उताराच्या दिशेनं सरळ तास काढलं की पाण्याला आयती वाट मिळते."

मामाजी खाली बसले. एक खडा उचलला, परत होता तिथं ठेवला. मला वाटलं ऊन लागलं की काय.

"म्हंजे तो मुरूम," ते सावकाश म्हणाले, "तो मीच उघडा पाडला?"

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आन् लोकाच्या वावरातलाई?"

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. म्हणाले, यादी अजून वर गेलेली नाही. ही जुनी नळी घेऊन जा, चार दिवसांत तुमच्या हातानं रेघ मारून ठेवा. आमचा माणूस तपासेल आणि नाव परत घालेल.

परतीच्या एसटीत नळीचं भेंडोळं माझ्या मांडीवर होतं. खिडकीची जागा असूनही मामाजींनी बाहेर बघितलं नाही.

रेघ आम्ही दोघांनी मारली. एका टोकाला सासरा, दुसऱ्या टोकाला पदर सावरत सून. "मामाजी, खाली सरका. अजून. आता थोडे वर." माझ्या सांगण्यावरून ते शेतभर सरकत होते आणि धुऱ्यावर उभं राहून लोक पोट धरून हसत होते. मला लाजही वाटत होती आणि मजाही येत होती. मामाजींचं तोंड बघितलं की मजा वाटल्याचीच लाज वाटायची. नाव यादीत परत आलं, बांध झाला. त्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी गढूळ झालं, पण आमच्या वावरातून गेलेलं पाणी नितळ होतं. दोन-तीन वर्षांत मुरमावर काळी माती धरली.

तुम्ही नागपूरला जाल तेव्हा संत्री खा, सिव्हिल लाइन्समधली झाडं बघा. माझ्याजवळ मात्र त्या प्रवासातलं राहिलंय ते वेगळंच. मामाजींना मी तिथं नेलं हे चांगलं केलं की वाईट, हे इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. वावर वाचलं, आणि मामाजींनी तिफण सोडली. पुढच्या पेरणीला लोक नारळ घेऊन बोलवायला आले, तेव्हा त्यांनी नारळ माझ्याकडे वळवला. "आदी हिले न्या. उतार कोनीकडं हाय ते हिले समजते."

मी गेले. तेही आले सोबत. मी लोकांच्या शेतात नळी धरून रेघा आखायची आणि मामाजी बोरीच्या झाडाखाली, शेताकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत बसायचे. काम आटोपून मी जवळ गेले की मान न वळवता विचारायचे, "झाली का वं वाकडी?"

"झाली, मामाजी," मी म्हणायची. मग ते उठायचे आणि शेताकडे न बघता घराकडे चालू लागायचे.