किणकिण की किरकिर

सासूबाईंनी पस्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली होती. अर्धांगाच्या झटक्याने डावी बाजू अधू झाली, तरी जीभ शाबूत होती. मुलाने उशाशी पितळेची घंटी आणून ठेवली, तेव्हा त्यांनी नातीला समजावून सांगितलं, की मोठी घंटा घणघणते, शाळेची टणटण वाजते आणि ही किणकिणते, बांगड्या किणकिणतात तशी.

सून बाहेरच्या खोलीत शिवणकाम करायची. दिवसातून वीसदा किणकिण व्हायची. पाणी हवंय, उशी सरकलीय, कधी नुसतंच कोण आलंय ते विचारायला. एकदा गिऱ्हाइकासमोर ती बोलून गेली, की घरात अखंड किरकिर चालू असते. आतून शांत आवाज आला, "घंटी किणकिणते. किरकिर माणसं करतात." गिऱ्हाईक हसलं. सुनेच्या मनात मात्र ते सलत राहिलं.

शाळेच्या गणवेशांची घाई होती त्या आठवड्यात तिने सासूबाईंचा डोळा लागलेला पाहून घंटीत कापूस कोंबला. फक्त दुपारपुरता, असं स्वतःला बजावून ती मशीनवर बसली.

धप्पकन आवाज झाला तशी ती आत धावली. सासूबाई भिंतीपाशी पडल्या होत्या, उजवं मनगट वाकडं झालेलं. पलंगासमोरच्या टेबलावर इस्त्रीखाली गणवेश धुमसत होता. इस्त्री तीच चालू ठेवून विसरली होती. बटण सासूबाईंनी उठून बंद केलं होतं.

शेजाऱ्यांनी त्यांना उचललं, तेवढ्यात सुनेने कापूस काढून मुठीत लपवला.

दवाखान्यात मुलाने आईला विचारलं, की घंटी का नाही वाजवलीस. "सुचलंच नाही रे," त्या म्हणाल्या. सुनेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तो औषधं आणायला गेल्यावर ती म्हणाली, "आई, कापूस मी घातला होता."

"माहीत आहे. काढलास तेही पाहिलं."

"मग यांना का नाही सांगितलंत?"

"ते तू सांगायचंस."

तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. नवरा ओरडला नाही. दोन दिवस आईचं सगळं स्वतःच करत राहिला.

प्लास्टर निघालं, पण मनगट थोडं वाकडंच राहिलं. सुनेने मशीन सासूबाईंच्या पलंगाशेजारी हलवली. पण त्या आता पाणीसुद्धा मागत नाहीत. तिची शिवण संपेपर्यंत कोरड्या ओठांनी वाट पाहतात. म्हणून दर चार टाक्यांनी तीच मान वर करून विचारते, "आई, काही हवंय?"