पाकिटातली दुसरी सुई

शिलाई मशीन बिघडली की लोक आधी मशीनला नावं ठेवतात, मग दोऱ्याला, आणि सगळे उपाय थकले की मशीनदादाकडे येतात. मशीनदादा कोणालाच दोष देत नाही. तो सुई काढतो आणि फिरवून बसवतो, कारण दहातल्या सात वेळा ती उलटीच बसवलेली असते. मग गिऱ्हाइकाला ओशाळं वाटू नये म्हणून उगाच दोन थेंब तेल घालतो आणि म्हणतो, "मोठं काम होतं बरं का."

त्याचं दुकान सहा फूट बाय दहा फूट. भिंतीला टांगलेले मशीनचे पट्टे, बरण्यांमध्ये दोरा गुंडाळायच्या बॉबिन, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल आणि एक जाड लाकडी टेबल. टेबलाची एक कड तीस वर्षं त्याचं कोपर टेकून टेकून गुळगुळीत झालेली आहे. त्याचं खरं नाव विचारलं तर बायकोलाही क्षणभर थांबावं लागतं.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा घरोघरी जाऊन मशीन दुरुस्त करणं बंद झालं. मुलगी दुसऱ्या शहरात बँकेत नोकरीला. ती म्हणाली, "बाबा, फोनवर लोकांना तासन्‌तास समजावता, तेच लिहून का काढत नाही?" आणि तिनं त्याला वेबसाइट करून दिली. तो बोलतो तसाच लिहायचा. 'टाका सुटतोय? चिडू नका, चहा घ्या, मग बॉबिन बाहेर काढा.' लोकांनी ती डोक्यावर घेतली. मग मुलीनं जाहिराती पुरवणाऱ्या एका बड्या कंपनीत खातं उघडून दिलं. लेखांच्या आजूबाजूला जाहिराती लावायचं काम कंपनीचं. लोकांनी त्या बघितल्या, दाबल्या, की मशीनदादाच्या खात्यात पैसे जमा. ना वाचकाला घासाघीस, ना ह्याला वसुली. दोन वर्षांत तिथले पैसे दुकानाच्या कमाईच्या पुढे गेले, आणि मशीनदादाला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं सरळ जाऊन दुकानाच्या मालकीणबाईंना सांगितलं, "महिनाअखेरीला खोली मोकळी करतो."

"दुकान कशाला सोडता?" बायको म्हणाली. "त्या कंपनीचा एक माणूस तरी बघितलाय का तुम्ही?"

"अगं, एवढी मोठी कंपनी. ती काय आपल्यावर रुसणार आहे?"

रुसलीच. एका मंगळवारी सकाळी मेल आली: जाहिरातींवर अनैसर्गिक क्लिक आढळले आहेत, खातं बंद, चालू महिन्याचे पैसेही मिळणार नाहीत. मशीनदादानं ती तीनदा वाचली, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. मुलीनं फोनवर सगळं तपासलं.

"बाबा, रोज सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान, तुमच्याच भागातून, कोणीतरी एकूण एक जाहिरात दाबतंय. कंपनीला वाटतंय, तुम्हीच माणसं बसवलीत."

"मी? मला सकाळी आठला उठून बसता येत नाही, माणसं कुठली बसवतोय!"

मुलीनं दाद मागायचा अर्ज भरला. चार मिनिटांत उत्तर आलं: नाही. इतक्या वेळात तर माणूस अर्ज वाचूनही पूर्ण करत नाही. मशीनदादानं मनातल्या मनात संशयितांची यादी केली. चौकातला नव्या मशिनी विकणारा दुकानदार तिच्यात पहिला होता, कारण तो हसताना दात दाखवत नाही.

संशयाचं निरसन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला झालं. थोरली बहीण, सगळ्यांची अक्का, हातात फोन घेऊन तरातरा दारात आली. अक्का दोन गल्ल्या सोडून राहते. आईवडील गेल्यावर तिनंच शिवणकाम करून ह्याला वाढवलेलं, त्यामुळे त्याच्या घरात शिरताना ती दार वाजवत नाही.

"काय रे, तुझ्या जाहिराती गेल्या कुठे? आम्ही नऊजणी कधीच्या खोळंबलोय!"

"नऊजणी?"

"फिरायला जातो त्या. बागेतल्या बाकावर बसून आधी तुझं काम उरकतो, मगच गप्पा. जाहिरात दाबली की तुला पैसे मिळतात, तूच नाही का सांगितलंस? मी तर एकही सोडत नाही. परवा गुडघ्याचा पट्टा होता, तो दोनदा दाबला."

मशीनदादानं डोक्याला हात लावला. हसावं की रडावं ते त्याला कळेना. बायकोनं अक्काला खुर्ची दिली आणि हळूहळू, जपून जपून, काय झालं ते सांगितलं. अक्का ऐकत गेली आणि तिच्या हातातला फोन खाली खाली येत मांडीवर टेकला.

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली. एवढंच.

मशीनदादाला कालपासून ज्याच्यावर संतापायचं होतं तो गुन्हेगार समोर बसला होता, आणि त्याला अजिबात रागावता येत नव्हतं. ऊन असो, थंडी असो, ही बाई रोज त्याच्यासाठी त्या बाकावर बसत होती, आणि चकार शब्द बोलली नव्हती.

"तुझ्यामुळे नाही गं अक्का. तू नसतीस तरी उद्या त्यांचा नियम बदलला असता, नाहीतर दुसरं काहीतरी निघालं असतं. सगळं त्यांच्या हातात देऊन बसलो मी, ते चुकलं."

"तुमच्या पहिल्या लेखाचं नाव आठवतंय का?" बायकोनं विचारलं. उत्तराची वाट न बघता तिनंच सांगून टाकलं: "'एका सुईवर शिवायला बसू नका.'"

मशीनदादाला इतकं हसू फुटलं की पोट धरावं लागलं.

हसून झालं तरी दुकानाचा प्रश्न उरलाच. वेबसाइटचे पैसे गेले, आता दुकानही गेलं तर बसायचं कुठे? तो मालकीणबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "मी फोनची कव्हरं विकणाऱ्याला शब्द दिलाय. अजून त्यानं आगाऊ रक्कम दिली नाही, पण शब्द म्हणजे शब्द." मशीनदादा मान खाली घालून परतला. अक्कानं हे ऐकलं आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मालकीणबाईंच्या दारावरची बेल वाजली. अक्का होती. "दुकान माझ्या भावालाच ठेवा हो." सात मिनिटांनी पुन्हा बेल. बागेतल्या दुसऱ्या बाई. मग तिसऱ्या. आठ ते नऊ, पाळीपाळीनं, नऊजणी. कोणी भांडलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. प्रत्येकीनं आपली विनंती सांगितली, तब्येतीची चौकशी केली आणि पुढचीला जागा करून दिली. ह्या कामाचा त्यांना दोन वर्षांचा दांडगा सराव होता. तिसऱ्या दिवशी नऊला पाच कमी असताना मालकीणबाईंनी मशीनदादाला फोन केला.

"दुकान तुमचंच. पण ह्यांना आवरा!"

आता वेबसाइट चालते, पण वेगळ्या तऱ्हेनं. लोक तिथे वाचतात आणि खाली दिलेल्या नंबरवर सुया, पट्टे, बॉबिन मागवतात. सुया बनवणारा एक कारखानदार पहिल्या पानावरच्या छोट्या जाहिरातीसाठी थेट मशीनदादाशी बोलून दर महिन्याला पैसे देतो. शनिवारी व्हिडिओवर शिकवणी असते. जाहिरात पुरवणारी दुसरी एक कंपनीही जोडली आहे, पण ती बंद पडली तरी कोणाच्या तोंडचा घास जाणार नाही एवढ्याच बेतानं. तिची जाहिरात घरातल्या कोणी दाबायची नाही, अशी मुलीची सक्त ताकीद आहे. दुकानातलं टेबल जागच्या जागी आहे, आणि सुयांची पाकिटं भरायला रोज आठला अक्का येते.

एकदा पाकिटं भरता भरता ती म्हणाली, "आता मी तुझ्या वेबसाइटवर जायचंच नाही का रे?"

"जा की. दाबू नकोस, वाच."

अक्का जरा वरमली. दोन वर्षं तिनं जाहिराती शोधल्या होत्या, लेखाची एक ओळ वाचली नव्हती. तिनं फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि पहिला लेख उघडला. त्यात लिहिलं होतं की लेखकाच्या बहिणीकडे एक जुनी मशीन होती आणि एकच सुई. दुसऱ्या दिवशी कपडे द्यायचे होते आणि भर दुपारी सुई तुटली. धाकट्या भावाला मशीनपाशी बसवून ती उन्हात दोन मैल चालत गेली आणि सुई घेऊन आली. त्या दुपारी भावानं मशीन उघडून बघितली, ती त्याची पहिली. म्हणून मी म्हणतो, असं पुढे होतं, पाकिटात दुसरी सुई ठेवा. कोणाला तरी उन्हातून चालावं लागतं.

अक्कानं फोन खाली ठेवला. मग पदरानं चष्मा पुसला, नाक पुसलं.

"दोन मैल नाही," ती म्हणाली. "तीन. दुरुस्त कर ते."

मशीनदादानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि लगेच दुरुस्त केलं.