निकाल कळायच्या आधी

त्या शुक्रवारी दुपार झाली तरी वसंतमामा आला नाही. बाबांनी मासळीचं कालवण दोनदा गरम केलं आणि दोनदा झाकून ठेवलं. इथे आखातात, सलमाबादच्या कंपनीच्या खोलीतून आमच्या मुहर्रकच्या घरी यायला कंपनीची पिकअप मिळाली नाही की त्याला उशीर व्हायचा, त्यामुळे काळजी अशी वाटली नव्हती. मग फोन वाजला. मामाच्या खोलीतला इक्बाल बोलत होता. हा रायगडकडचा, एरवी फोनवरसुद्धा चेष्टा करणारा माणूस. तो एवढंच म्हणाला, "बाय, बाबांना दे जरा फोन." मी रिसीव्हर बाबांकडे दिला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता टीव्हीकडे बघत राहिले. टीव्ही बंद होता. व्हिडिओ प्लेअरमध्ये मागच्या शुक्रवारची कॅसेट तशीच होती, अर्धी बघून थांबवलेली... मामा सकाळी चहा पिऊन पुन्हा आडवा झाला होता, आणि उठलाच नाही.

वसंतमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. जुफैरच्या अमेरिकन तळावर एसी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तो मेकॅनिक होता. लग्न आधी जमलं नाही आणि मग राहून गेलं. तळावरच्या एका हॉलमध्ये थंड हवेच्या पाइपखाली शिडी लावून काम करताना त्यानं पहिल्यांदा बेसबॉल पाहिला. तिथल्या डेल नावाच्या सुपरवायझरला अमेरिकेहून त्याचा भाऊ सामने रेकॉर्ड करून पाठवायचा. बघून झालेल्या कॅसेट डेल मामाला द्यायचा आणि मामा त्या दर शुक्रवारी आमच्याकडे घेऊन यायचा, कारण व्हिडिओ आमच्याकडे होता. आमच्या पूर्ण बिल्डिंगमध्ये बेसबॉल बघणारं घर ते एकच असेल. खालचे केरळी अंकल एकदा डोकावून म्हणाले होते, "ये क्रिकेट का क्या हाल कर दिया?"

मामाला सगळ्या खेळात रस नव्हता. लांब फटके मारणाऱ्यांकडे तो जेवता जेवता बघायचा. त्याचं लक्ष असायचं ते सामना सुरू करणाऱ्या पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर. क्रिकेटमध्ये गोलंदाज आलटून पालटून येतात. इथे एकच माणूस मधोमध उंचवट्यावर उभा राहतो आणि दमेपर्यंत टाकत राहतो. नऊपैकी सहा-सात डाव झाले की मॅनेजर मैदानात येतो, त्याच्या हातातून चेंडू घेतो, आणि उरलेला सामना दुसरेच कोणीतरी संपवतात. गंमत अशी, की संघ जिंकला किंवा हरला, तर ती जीत किंवा हार एका पिचरच्या नावावर लिहिली जाते. बाकीच्यांच्या नाही, फक्त त्याच्या. डेलसाठी पिचरची किंमत एवढीच, किती जिंकला आणि किती हरला. मामाला ते अजिबात पटायचं नाही.

त्याचा एक आवडता पिचर होता. मामा त्याला दाढीवाला म्हणायचा. त्याचा संघ इतका रडका, की त्यानं समोरच्यांना एकच धाव द्यावी आणि त्याच्या माणसांना तीही करता येऊ नये. हार त्याच्या नावावर. मी तेव्हा शाळेत होते. घरात मराठीत बोललेलं सगळं समजायचं, पण उत्तर तोंडातून इंग्रजीतच यायचं. मी म्हटलं, "बट मामा, ही लॉस्ट."

"तो खय हरला, बाय? त्याने एक धाव दिलीन. त्याच्या लोकांनी शून्य केलानी. हरले ते."

"पण लिहिलं तर त्याच्याच नावावर ना?" बाबा पेपरमागून म्हणाले. बाबा विमानतळावर कार्गोत. दिवसभर लोक त्यांना एकच विचारतात, माल पोचला का? "शेवटी निकाल काय लागला, ते महत्त्वाचं."

"भावोजी, लिहिणारा काय, काहीपण लिहितो."

त्याचे हिशेब वेगळे होते. सोपा झेल कोणी सोडला आणि त्यामुळे धाव झाली, तर ती पिचरच्या खात्यात धरायची नाही, हे अमेरिकन लोकही मानतात, आणि त्याबद्दल मामाला त्यांचं कौतुक होतं. पण त्याला पुढचंही बघायचं असायचं. समोरच्यांची माणसं धाव काढायच्या बेतात उभी असताना हा घाबरला का? दमल्यावर कसा टाकला? मागून येणाऱ्या पिचरना विश्रांती मिळेल इतका वेळ उभा राहिला का? हे सगळं बघून तो एकाच शब्दात निवाडा द्यायचा, "निभावलान." नाहीतर मान हलवून, "नाय निभावलान."

"निभावलं म्हण की रे," बाबा सातारचे, त्यांना राहवायचं नाही. "निभावलान काय? हे कुठलं मराठी?"

"रत्नांग्रीचं शुद्ध मराठी आहे हे. तुमच्या साताऱ्यापर्यंत अजून पोचलं नाय."

आई स्वयंपाकघरातून हसायची. तिचं हसू आधी ऐकू यायचं, मग ती दिसायची.

त्या वादानंतर मामाला एक सवय लागली, ती मात्र आम्हा कोणाला कळायची नाही. पिचरला मैदानातून बाहेर नेलं, की तो उठून कॅसेट बंद करायचा. सामना मध्येच, कोण पुढे, कोण मागे, काही पक्कं नाही, आणि हा म्हणायचा, "यल्ला, चला, खलास. आपला माणूस गेला. आता बोला, कसा टाकलान?" बाबा चिडायचे. "अरे, जिंकलं कोण?" तर म्हणायचा, "ते कळलं की डोळे बिघडतात, भावोजी. मग जिंकलेल्याचं सगळं बरोबर दिसतं आणि हरलेल्याचं सगळं चूक. आधी माणूस बघायचा." डेलला त्यानं निकाल सांगायची बंदी घातली होती. एका उन्हाळ्यात तिकडच्या खेळाडूंनी संप केला आणि नव्या कॅसेट यायच्या थांबल्या, तेव्हा मामानं निवांतपणे जुन्याच पुन्हा लावल्या. त्याला शेवट ठाऊकच नव्हते.

मी दहावीत होते, तेव्हा आईचा कॅन्सर परत आला. चिपळूणहून मोठ्या मावशीचे, म्हणजे माईचे, रोज फोन यायचे. तिला मुंबईला आणा, तिथे माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. आईला नेलं नाही. आई आमच्या याच घरात गेली, खिडकीबाहेर विमानं उतरत असताना. आणि मग घरात एक गोष्ट ठरल्यासारखी झाली, की मुंबईला न नेण्याचा निर्णय वसंतमामाचा होता. त्यानंच माईला फोनवर तसं सांगितलं होतं, "मीच नको म्हटलं." माई त्याच्याशी बोलेनाशी झाली. "हातची बहीण घालवली त्याने," असं ती सगळ्यांना सांगायची. दोन वर्षांतून एकदा मामा सुट्टीवर जायचा, आंब्याच्या पेट्या घेऊन यायचा, पण चिपळूणला उतरायचा नाही. मी सुट्टीत माईकडे राहायचे. ती माझे केस विंचरायची, मला तिसरं घावन वाढायची, आणि मामाचं नाव निघालं की उठून आत जायची. इकडे मामा दर शुक्रवारी यायचा. आईच्या जागी आता बाबा कालवण करायचे आणि मामा कधीच म्हणाला नाही की मीठ जास्त झालंय. दाढीवाल्याची हार कोणी त्याच्या माथी मारली की तो भांडायला उठायचा. स्वतःबद्दल मात्र एक शब्द नाही. मला ते विसंगत वाटायचं, पण आमच्याकडे कोणी कोणाला असलं काही विचारत नाही, आणि मी तर नाहीच.

तो गेला त्या दिवशी संध्याकाळी माईचा फोन आला. फोन मीच उचलला. पलीकडे ती रडत होती आणि रडताना म्हणाली, "बहिणीला घालवलं आणि आता स्वतः गेला..." बाबांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. बाबा फोनवर फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी उभ्या उभ्याच बोलले.

"माई, तिला मी पाठवलं नाही. तिलाच जायचं नव्हतं. इथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की तिकडेही वेगळं काही होणार नाही, आणि तिला पोरीजवळ राहायचं होतं. आम्ही दोघांनी ठरवलं. वसंताला आम्ही नंतर सांगितलं."

मग माईनं काहीतरी विचारलं असावं, कारण बाबा म्हणाले, "तो म्हणाला, गेलेल्या माणसाच्या नावावर हार लिहायची नाही. तुमच्याही नाही, भावोजी, पोरीला आजोळ पाहिजे. माझ्या नावावर लिहा, मला अजून पुष्कळ सामने आहेत." त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. "मी लिहू दिलं, माई."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आजोळ पाहिजे... माईच्या ओट्यावरची ती घावनं माझ्यापर्यंत कोणामुळे येत होती, ते मला तेव्हा कळलं. माई शेवटी एवढंच म्हणाली, आणि ते इतक्या मोठ्यानं की मलाही ऐकू आलं, "आधी माझ्या दारात आणा त्याला."

बाबा त्याला घेऊन गेले. आधी चिपळूणला, मग गावी.

बाबा परत आले त्याला आता काही आठवडे झाले. मागच्या शुक्रवारी जेवण झाल्यावर आम्ही दोघं समोरासमोर बसलो आणि करण्यासारखं काही नव्हतं. व्हिडिओत ती कॅसेट होती. मामा शेवटचा आला त्या शुक्रवारी त्याला लवकर जायचं होतं, म्हणून त्यानं त्याच्या नियमाविरुद्ध पिचर मैदानात असतानाच ती थांबवली होती आणि म्हणाला होता, "पुढच्या खेपेला इथूनच." मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. मी प्लेचं बटण दाबलं.

दाढीवालाच होता. आता थोडा जाड झालेला. त्याच्या संघाची नेहमीसारखी एकही धाव नव्हती. तो टाकत राहिला. एकदा दोन माणसं धाव काढायच्या बेतात उभी होती, तेव्हा त्यानं टोपी काढून घाम पुसला, पुन्हा घातली, आणि पुढचे तिघेही बाद केले. बाबा एरवी असतात तसे पेपरमागे नव्हते. मग मॅनेजर चालत आला. दाढीवाल्यानं चेंडू त्याच्या हातात दिला आणि खाली बघत मैदानाबाहेर निघाला. सामना चालूच होता. मला वाटलं, आता बाबा विचारतील, जिंकलं कोण.

बाबा उठले. प्लेअरजवळ गेले आणि त्यांनी कॅसेट बंद केली. पडदा निळा झाला. माझ्याकडे पाठ करूनच ते म्हणाले,

"निभावलान."