स्पेनवाले मेंडोन्सा

दोन स्वेटर, वर कोट आणि गळ्याला मफलर गुंडाळून मेंडोन्साअंकल म्हणायचे, "आम्हाला थंडी बाधत नाही, बाय. आमच्या आडनावाचा अर्थच थंड डोंगर." लंडनमधल्या क्रॉयडनच्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन बिऱ्हाड आलं की आठवड्याच्या आत त्याला हे ऐकावं लागे. मूळ शब्द मेंडोसा, स्पेनच्या उत्तरेकडचा. पोर्तुगालात त्याचा मेंडोन्सा झाला आणि पोर्तुगीज जहाजातून तो वसईला उतरला. अंकलचे पूर्वजही अर्थातच त्याच जहाजातून उतरले. सुके बोंबील भाजून दोनदा फायर अलार्म वाजवणारा हा मी पाहिलेला एकमेव स्पॅनिश माणूस. पण हसायची सोय नव्हती, लगेच चहा बंद व्हायचा.

आंटी गेल्यापासून ते एकटेच होते. मुलगी रोझी इथेच जन्मलेली. तिने लग्न केलं ते वसईहून नोकरीला आलेल्या मुलाशी, आणि गंमत म्हणजे त्याचंही आडनाव मेंडोन्साच. माणसाने खूश व्हावं की नाही? अंकल लग्नालाच गेले नाहीत. "ते मेंडोन्सा वेगळे. मासे मारणारे, नंतर बाटलेले. आमचं आडनाव रक्तातून आलंय."

रोझी ब्रॅकनेलला राहते. ट्रेनने असे किती तास लागतात? आठ वर्षांत हा माणूस एकदाही गेला नाही. ख्रिसमसला नातीचा फोटो यायचा, तो ड्रॉवरमध्ये पालथा पडलेला असायचा. मी गेले की मात्र हळूच बाहेर निघायचा. "नाक बघ बाय. अगदी स्पॅनिश."

कॉम्प्युटरशी त्यांचं जमत नसे, म्हणून पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला. वसईच्या त्यांच्या चर्चमध्ये एका फादरना बाप्तिस्म्याच्या जुन्या पोर्तुगीज नोंदवह्या वाचता येतात असं त्यांना कळलं होतं. ईमेल मी टाइप करायची, ते शेजारी बसून मजकूर सांगायचे, आमच्या मूळपुरुषाची नोंद शोधून द्या म्हणून. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो अंकल, त्या रोझीला आधी एक फोन करा ना!"

"कागद येऊ दे. कागद आला की मीच फोन करणार. त्याआधी नाही."

कागद आला. फादरनी पानाचा फोटो आणि खाली मराठीत अर्थ पाठवला होता. मूळपुरुष गावातलाच भातशेती करणारा. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून एक मेंडोन्सा नावाचा शिपाई उभा राहिला आणि रीतीप्रमाणे त्याचंच आडनाव या घराला मिळालं. त्याच दिवशी, त्याच शिपायाने आणखी एका माणसाला आडनाव दिलं होतं. तो कोळी. फादर गावातलेच, दोन्ही घरं ओळखणारे; त्यांनी कौतुकाने लिहिलं होतं की तुमच्या जावयांचं घराणं ते हेच.

मी त्याची प्रिंट काढली आणि माझ्या बिलांच्या फाइलमध्ये खाली सारून ठेवली. अंकलचं हृदय तेव्हा जेमतेम चालत होतं. म्हटलं, ज्या जहाजावर हा माणूस जन्मभर बसला, ते मी कशाला बुडवू? दर रविवारी ते विचारायचे, "फादरचं काही आलं का गं?" आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून "नाही" म्हणायचे. मला वाटायचं, मी फार मोठं पुण्य करतेय.

अडीच महिन्यांनी अंकल गेले.

अंत्यविधीच्या मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये रोझी माझ्याकडे आली. सोबत नवरा होता आणि नाकावर काहीही स्पॅनिश नसलेली गोड पोर. मला राहवलं नाही. सकाळी निघताना पर्समध्ये टाकलेला तो कागद मी काढून दिला. नवऱ्याने तो तिला वाचून दाखवला. दोन ओळींवर त्याचं बोट थांबलं, एक तिच्या घराची, खालची त्याच्या.

"आंटी, हा कागद डॅडीनी बघितली?" रोझीने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं.

"नाही गं. त्यांना धक्का बसला असता." मग का कोण जाणे, मी पुढचंही बोलून गेले. "कागद आला की तुला फोन करणार, असं म्हणायचे ते."

रोझीने कागद नवऱ्याच्या हातून घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"पण कागद आला होता ना, आंटी?"