नेल्डाबाईंचं एक वाक्य

गव्हर्नरची निवडणूक जवळ आली, की नेल्डाबाईंना ती फोनवरूनच कळायची. चार वर्षं ज्यांच्या ऑफिसात कुणी फोन उचलत नाही, ती माणसं ऑगस्टात आपणहून फोन करायला लागायची. "बाई, कशा आहात? शाळा काय म्हणते?"

पश्चिम ओक्लाहोमातल्या सँड फोर्कची शाळा बालवर्गापासून बारावीपर्यंतची, मुलं दोनशे अकरा. नेल्डा फ्रीझन तिथल्या सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळेच्या प्रमुख. ड्रायव्हर आजारी पडला तर बसही त्याच चालवत. आजवर आठ निवडणुका त्यांनी पाहिल्या. एका उमेदवारानं कॅमेऱ्यासमोर त्यांना कवेत घेतलं आणि तीनदा 'लिंडा' म्हणून हाक मारली. दुसऱ्यानं फुटबॉलच्या मॅचला पेकनच्या गोड पाईचे दोन तुकडे खाल्ले, मास्तरांचे पगार वाढवतो म्हणाला. निवडून आल्यावर त्याच्या माणसानं सांगितलं, "पत्र पाठवा."

पाहुणा येणार म्हटलं, की सगळ्या शाळावाल्यांसारखं बाईही तेच करायच्या. फरशीला पॉलिश, दारात बँड, आणि गळणाऱ्या छपराखालच्या बादल्या स्टोअररूममध्ये कुलपात.

यंदा मात्र गळ्याशी आलं होतं. विमावाल्यांनी लेखी कळवलं होतं, जूनच्या आत छप्पर नवं झालं नाही तर इमारत बंद. मग पोरांची रवानगी एकोणपन्नास मैलांवरच्या शाळेत. छपराच्या खर्चासाठी कर्जरोखे काढायचे तर गावाची मंजुरी हवी, शंभरात साठ मतं. मागच्या खेपेला अठ्ठावन्न पडली होती. यंदा तो ठराव गव्हर्नरच्या मतपत्रिकेवरच, सगळ्यात खाली होता. डाल्टन क्रीसी हा उमेदवार गावाचा लाडका. त्यानं एक शब्द टाकला तरी दोन टक्के मतं कुठं गेली नसती.

म्हणून तो शाळा बघायला यायच्या दिवशी सकाळी बाईंनी देखभालवाल्या ऑर्व्हलला बादल्या बाहेर काढायला लावल्या.

"बाई, पाव्हणं येताना लोक पसारा लपवत्यात," ऑर्व्हल म्हणाला. "तुम्ही तर मांडायला लावताय."

"लपवून लपवून आठ निवडणुका गेल्या, ऑर्व्हल. मांड."

"सगळ्या?"

"सगळ्या. ती लाल, चिरलेली पण."

क्रीसी आला, हॅट काढली, बाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. बादलीपाशी गुडघे टेकून वर बघत राहिला. मास्तर नसलेल्या गणिताच्या वर्गात पोरं टीव्हीच्या पडद्यावरचा धडा बघत बसलेली, तीही त्यानं पाहिली. असं ऐकून घेणारा माणूस बाईंना नोकरीत पहिल्यांदाच भेटला. तो म्हणाला, "मला गोड बोलू नका बाई. खरं सांगा." मागं त्याचा कॅमेरावाला होता, पण कॅमेरे काय, नेहमीच असतात.

बाई म्हणाल्या, "खरं सांगायचं तर या छपराखाली माझ्या नातीला बसवायला माझं मन धजत नाही. म्हणूनच आता छप्पर नवं व्हायला हवं."

आठ दिवसांनी जाहिरात आली. बादली, वरून पडणारं थेंबभर पाणी आणि बाईंचा चेहरा. "या छपराखाली माझ्या नातीला बसवायला माझं मन धजत नाही." बस. पुढचं कापलेलं. मग क्रीसी: "सरकारी शाळेची प्रमुखच हे सांगते. पैसा शाळांना नको, आईबापांच्या हातात द्या. पसंतीची शाळा त्यांना निवडू द्या."

सँड फोर्कच्या आईबापांनी कुठली निवडायची होती कोण जाणे. एकोणपन्नास मैलांत दुसरी शाळाच नव्हती.

बाईंनी क्रीसीच्या ऑफिसला नऊ फोन केले. मग हट्ट सोडून त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या महिला उमेदवाराच्या प्रचारवाल्यांना लावला. तिकडची मुलगी गोड बोलली. "वाईट झालं हो. पण मॅडमना तुमच्याकडे यायला जमणार नाही. शाळावाले काय, आपल्या घरचेच. मतं तर आपलीच आहेत ना?"

शाळेत फोन यायला लागले. "बाई, छपराला हो म्हणायचं का नाही?" आणि कायदा असा, की शाळेच्या खुर्चीत बसून बाईंना 'हो म्हणा' म्हणता येत नव्हतं. माहिती तेवढी द्यायची. "छप्पर एकेचाळीस वर्षांचं आहे," त्या सांगायच्या. "मतदान मंगळवारी." पलीकडचा वाट बघायचा, मग फोन ठेवायचा. क्रीसी त्यांच्याच तोंडानं दिवसातून वीसदा बोलत होता, आणि त्यांना स्वतःच्या तोंडानं एक वाक्य पुरं करायची मुभा नव्हती.

सोमवारी त्यांनी रजा टाकली. शाळेचं जॅकेट घरी काढून ठेवलं आणि स्वतःच्या गाडीतून दारोदार निघाल्या.

दुपारपर्यंत तेवीस दारं झाली. चोविसावं लेलंड केंपरचं. बाईंच्या वडिलांचा दोस्त, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. त्याची तिन्ही पोरं बाईंच्या हाताखालून गेलेली, घरात मतं सात.

"ये गं नेल्डे. आता टीव्हीवाली झालीस, आमच्याकडं कशाला येशील म्हटलं."

"लेलंडकाका, ते अर्धंच दाखवलंय. छप्पर नवं व्हायला हवं, असं मी पुढं बोलले होते."

"आसं व्हय." म्हातारा खुर्चीत सावरून बसला. "आन नातीचं? ते खोटं बोललीस?"

"नाही. ते खरंच."

"नात कुठं शिकती तुझी?"

"तिथंच. तिसरीत."

"म्हंजे बसवतीसच की रोज."

"रोज बसवते, काका," बाई म्हणाल्या. "पाऊस आला की वर्गाच्या दारात जाऊन बघून येते. म्हणून तर आलेय. उद्या तुमच्या घरची सात मतं मला द्या."

लेलंडनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आम्ही गुरवारीच देऊन आलो गं. कोर्टाच्या इमारतीत मतदानाच्या आधीच मत देता येतंय न्हवं का. छपराला न्हाई म्हटलं सगळ्यांनी."

"काका."

"तूच म्हणालीस म्हणून. म्हटलं, चौतीस वर्सं त्या शाळेत घालवलेली बाई सोता सांगती पोरं बसवू नका, तर कशाला उगं थिगळं लावायची. बंद होऊ दे, पोरं तरी वाचतील. तुझ्याच मनासारखं करतोय वाटलं मला. क्रीसीचं काय ऐकतोय मी? तुझं ऐकलं."

"तुम्ही सातच जण गेला होता?"

"चर्चची गाडी केली हुती. सोळा जण. तुझं नाव मीच सांगितलं गाडीत."

बाई उठल्या. म्हातारा दारापर्यंत आला. आता कोर्टात जाऊन ते बदलून मिळंल का, त्यानं विचारलं. नाही मिळत, बाई म्हणाल्या.

गाडीत बसून त्यांनी कागदावरची सात नावं खोडली. उरलेली नऊ कोणाची, ते विचारायचं राहून गेलं होतं. परत जाऊन विचारायचं त्यांच्या जिवावर आलं. यादीत अजून एकतीस दारं होती, दिवस मावळायला तीन तास.

पुढच्या घरी त्यांची जुनी विद्यार्थिनी दारात आली आणि हसली. "अय्या बाई, तुम्ही. कालच टीव्हीवर—"

नेल्डाबाईंनी तिला पुढं बोलूच दिलं नाही.

"तू मत देऊन आलीस का गं?"